जेराल्ड तेव्हा खोलीत नव्हता

रविवारची संध्याकाळ होती. मी पोळ्या लाटत होते आणि निनाद समोरच्या टेबलावर पिवळ्या हायलायटरने एक झेरॉक्स रंगवत बसला होता. पंधरा वर्षांच्या मुलाचा अभ्यास म्हणजे निम्मा अभ्यास आणि निम्मा हायलायटर. मध्येच मान वर करून म्हणाला, "आई, जेराल्ड चांगला की वाईट? एका वाक्यात सांग."

"बाकीच्यांपेक्षा बरा," मी म्हटलं.

"येस! मी पण तेच लिहिलंय."

आणि तो परत रंगवायला लागला. आमचं दोघांचं सहसा कशावर एकमत होत नाही, भाजीत मीठ किती हवं यावरसुद्धा नाही. त्यामुळे हे इतक्या झटकन जुळलेलं मत मला टोचायला लागलं. लालबागच्या गिरणी कामगाराची मुलगी मी आणि ब्रॅडफर्डमध्ये पियानोच्या क्लासला जाणारा हा मुलगा. आम्हा दोघांनाही जेराल्ड क्रॉफ्ट बरा वाटतो, म्हणजे एक तर तो खरंच बरा असला पाहिजे, नाहीतर प्रीस्टली फार बेरकी लेखक असला पाहिजे. रात्री सगळे झोपल्यावर मी ते पातळ पुस्तक त्याच्या दप्तरातून काढलं.

'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स', जे. बी. प्रीस्टलीचं नाटक. इंग्लंडात ज्यांची मुलं जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या शालांत परीक्षेच्या, वयाची आहेत त्यांना हे नाव पाठ असतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. १९१२चा वसंत. ब्रमली नावाचं काल्पनिक कारखान्यांचं शहर. आर्थर बर्लिंग हा कारखानदार, बायको सिबिल, मुलगी शीला, मुलगा एरिक. शीलाचा जेराल्ड क्रॉफ्टशी साखरपुडा ठरलाय, जेवणं झालीत, पोर्ट वाइन फिरतेय. बर्लिंगसाहेब भाषण ठोकतायत की युद्धबिद्ध काही होणार नाही, टायटॅनिक बुडूच शकत नाही आणि माणसाने आपलं आपण बघावं. एवढ्यात बेल वाजते. गूल नावाचा इन्स्पेक्टर येतो. एव्हा स्मिथ नावाच्या मुलीने जंतुनाशक पिऊन जीव दिलाय आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाचा तिच्याशी कधी ना कधी संबंध आलेला आहे. बापाने पगारवाढ मागितली म्हणून काढलं, लेकीने रागाच्या भरात दुकानातल्या नोकरीवरून घालवलं, मुलाने दारूच्या नशेत तिच्यावर जबरदस्ती केली आणि तिला दिवस गेले, आईने मदतसंस्थेच्या दारातून हाकललं. मधल्या काळात जेराल्डने तिला ठेवली, जपली आणि सोडली.

नाटक लिहिलं १९४५मध्ये. पहिले प्रयोग झाले सोव्हिएत युनियनमध्ये, लंडनला ते आलं १९४६च्या ऑक्टोबरात. बर्लिंगचं टायटॅनिकचं वाक्य ऐकून हसणारा प्रेक्षक दोन महायुद्धं भोगून आलेला होता.

बर्लिंगवर हसणं सोपं आहे, सिबिलचा राग येणंही सोपं आहे. वर्गातली पोरंही पहिल्या पाच मिनिटांत या दोघांचा निकाल लावून मोकळी होतात. जेराल्डपाशी मात्र सगळे अडखळतात. तिशीचा, देखणा, अदबीने बोलणारा. वडील सर जॉर्ज क्रॉफ्ट. त्यांची कंपनी बर्लिंगच्या कंपनीपेक्षा जुनी आणि मोठी. लेडी क्रॉफ्टना ही सोयरीक जरा खालच्या घरातली वाटते, हे बर्लिंग स्वतःच जेराल्डला एकांतात बोलून दाखवतो. आपल्याकडे मुलीचा बाप व्याह्यांसमोर जसा उगाच हसतो आणि उगाच मोठा होतो, तसा तो जेराल्डपुढे वागतो. ही पोर्ट तुझे वडील जिथून घेतात तिथलीच आहे बरं का, आणि मलाही लवकरच 'सर' ही पदवी मिळेल असा रंग आहे, आईला सांग. साठीकडे झुकलेला माणूस तिशीच्या पोरापुढे कमरेत वाकतोय आणि ते पोर ते अगदी सहज घेतंय. सिगार घ्यावा तसं. नाटकभर त्या घरात सगळे कधी ना कधी आवाज चढवतात. जेराल्डला त्याची गरज क्वचितच पडते.

पहिल्या वाचनात मी ज्या वाक्यावरून सरळ पुढे गेले होते ते वाक्य या वेळी सापडलं. बर्लिंग एव्हाला काढल्याची हकीकत सांगत असतो. आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळायचे, बायकांनी पंचवीस मागितले, याने नाकारले, संप झाला. फार टिकला नाही, असं बर्लिंग म्हणतो. त्यावर जेराल्ड म्हणतो की सुट्ट्या नुकत्याच संपल्या असतील तर टिकणारच नाही, सगळ्यांचे खिसे रिकामे असणार, मी ओळखतो ना या लोकांना.

मी पुस्तक पालथं ठेवलं आणि पाणी प्यायला उठले.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अडीच लाख कामगार. अण्णा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. सकाळचा भोंगा बंद झाला, ते मला सुट्टीसारखं वाटलं होतं. घड्याळ नसलेल्या आमच्या खोलीत आई भोंग्यावर दूध तापवायची, ती पहिले कितीतरी दिवस गोंधळून जायची. मग वाण्याने वही बंद केली. पितळेचं घंगाळ गेलं. अण्णा रत्नागिरीकडे गावाला गेले, भात लावायला, आणि आई दादरला हिंदू कॉलनीत पोळ्यांची कामं धरून बसली. त्यातल्या एका घरचे मोठे साहेब (त्यांचा गिरणीशी काही संबंध नव्हता, कुठल्याशा विमा कंपनीत होते) मे महिन्यात पेपर वाचता वाचता म्हणाले होते, "हे फार तर गणपतीपर्यंत टिकतील. गावाला जायला पैसे लागतात ना. मी ओळखतो या लोकांना." आई चार पावलांवर कणीक मळत होती. ते तिला उद्देशून बोललेच नव्हते, त्यामुळे तिला राग येण्याचंही काही कारण नव्हतं. घरी येऊन तिने ते आम्हाला जसंच्या तसं सांगितलं होतं, त्यांच्या आवाजात. आई नकला फार छान करायची.

सुट्टीनंतर खिसे रिकामे आणि गणपतीला खिसे रिकामे. हे सोडून दिलं तरी चालेल, वरच्या माळ्यावरून खालची माणसं सगळीकडे अशीच दिसत असतील. मला गार करून टाकणारी गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या अंकात जेराल्ड त्या मुलीबद्दल जे सांगतो त्यात एक वाक्य असं आहे की तिने त्याला सांगितलं होतं, ती इथल्याच एका कारखान्यात कामाला होती आणि संपानंतर तिला ते काम सोडावं लागलं. म्हणजे आदल्या वर्षीचे सहा महिने हा माणूस एका संपवालीच्या सहवासात होता. तिच्या तोंडून त्याने संप ऐकला होता. आणि सात-आठ महिन्यांनी, पोर्टचा ग्लास हातात धरून, तो होणाऱ्या सासऱ्याला सांगतो की मी या लोकांना ओळखतो. त्याच्या मनात ती 'या लोकां'त कधी आलीच नाही. ती डेझी रेंटन होती, त्याला ती याच नावाने माहीत होती. मोठे डोळे, मऊ तपकिरी केस.

खोटं बोलत नाहीये तो. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, निदान दोन गोष्टी एकमेकींना कुठेतरी भेटल्या असत्या.

आता तो प्रसंग. पॅलेस नावाच्या नाट्यगृहाचा बार. तिथे येणाऱ्या 'तसल्या' बायकांबद्दल जेराल्ड नाक मुरडून बोलतो, त्यांचे निबर डोळे आणि कणकेच्या गोळ्यासारखे चेहरे त्याला आवडत नाहीत. मग तो तिथे काय करायला गेला होता हे त्याला कुणी विचारत नाही. त्या गर्दीत त्याला एक वेगळी मुलगी दिसते. शहरातल्या मेगर्टी नावाच्या प्रतिष्ठित लिंगपिसाट म्हाताऱ्याने तिला कोपऱ्यात दाबून धरलेलं असतं. ती जेराल्डकडे बघते. हा थाप मारून मेगर्टीला तिथून कटवतो, तिला दुसऱ्या हॉटेलात नेतो, बोलतो, ती भुकेली आहे हे लक्षात आल्यावर जेवू घालतो. दोन दिवसांनी पुन्हा भेटतो. तिला राहायला जागा नाही. याचा चार्ली नावाचा एक मित्र सहा महिने कॅनडाला गेलाय, त्याच्या खोल्यांची किल्ली याच्याकडे आहे. तिला तिथे ठेवतो. खर्चाला पैसे देतो. लगेच तिच्या अंगाला हात लावत नाही, ते पुढे होतं, आणि तो म्हणतो तेव्हा त्यावर माझा विश्वास बसतो.

या सगळ्यात त्याने वाईट काय केलं? निनादचं हेच म्हणणं. बाकीच्या चौघांनी तिला काहीतरी नाकारलं किंवा ओरबाडलं, याने दिलं. इन्स्पेक्टरसुद्धा शेवटी म्हणतो की याने निदान तिच्यावर थोडी माया केली, काही काळ सुखात ठेवलं. मुलांच्या भाषेत, इन्स्पेक्टरने पासिंगपुरते मार्क दिलेत.

मला इथे ती मित्राची किल्ली दिसत राहते. उपकार केले तेही दुसऱ्याच्या जागेत. मार्च ते सप्टेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे साधारण सहा महिने, आणि मित्र सहा महिन्यांसाठीच गेलेला. प्रीस्टली कुठेही म्हणत नाही की चार्ली परत येणार होता म्हणून डेझीला जावं लागलं, पण तारखा त्यानेच टाकून ठेवल्यात, जुळवायच्या त्यांनी जुळवाव्यात. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार निदान अकरा महिन्यांचा असतो. सोडताना तो पैसे देतो. ती नको म्हणते, तो आग्रह करतो. ती कसलाच त्रागा करत नाही, आणि जेराल्ड याबद्दल तिचं कौतुक करतो. तिने रडून गोंधळ घातला असता तर त्या आठवणीची चव बिघडली असती.

शीला त्याला विचारते, तू तिचा परीकथेतला राजपुत्र होतास, तुला फार आवडलं असेल ना ते? आणि तो म्हणतो, हो, काही काळ आवडलं, जवळजवळ कुठल्याही पुरुषाला आवडलं असतं. शीला म्हणते, आज रात्रीत तू बोललेली ही बहुतेक सगळ्यात चांगली गोष्ट, निदान प्रामाणिक तरी आहे. मला या जागी जेराल्ड आवडतो. बाप स्वतःच्या वागण्याला धंद्याचे नियम म्हणतो, आई संस्थेचे नियम म्हणते, हा एकटाच कबूल करतो की मला मजा आली.

माझ्यावर उपकार करण्यातली अशी मजा कुणी घेतली होती का, हे मला त्या रात्री पहिल्यांदाच सुचलं. 'बाकीच्यांपेक्षा बरा' हे मी इतक्या पटकन का म्हटलं, तेही तेव्हाच लक्षात आलं.

त्याच हिंदू कॉलनीतल्या घरात, गणपतीपर्यंत टिकतील म्हणणाऱ्या साहेबांचा धाकटा मुलगा होता. माटुंग्याला इंजिनिअरिंग करत होता. संप कागदावर कधी मिटलाच नाही, पण आमच्या घरापुरता तो मिटून चार-पाच वर्षं झाली होती. अण्णांना परत घेतलं नव्हतं, ते एका सोसायटीच्या गेटवर बसायचे. मी नववीत होते. शाळा दुपारची, म्हणून सकाळी आईबरोबर जायचे, पोळ्यांना तूप लावायला. एकदा तूप लावता लावता मी पेपरातलं इंग्रजी वाचायचा प्रयत्न करत होते, ते त्याने पाहिलं. नववीच्या दिवाळीपासून दहावीच्या ऑगस्टपर्यंत त्याने मला मागच्या गॅलरीत बसवून इंग्रजी आणि बीजगणित शिकवलं. मी त्याला दादा म्हणायचे. तो अतिशय चांगला शिकवायचा. कधी वावगा शब्द नाही, कधी वावगी नजर नाही. स्वतःचे कॉलेजचे तास बुडवून यायचा. मी आज जी कोण आहे ती त्या गॅलरीतून निघालेली आहे. हे मी शपथेवर सांगेन.

त्या गॅलरीत तो वेताच्या खुर्चीवर बसायचा आणि मी पाटावर. माझा चहाचा स्टीलचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर पालथा असायचा, घरातल्या कपबश्यांपासून लांब. मी तो घ्यायचे, प्यायचे, विसळून परत पालथा ठेवायचे. दादाला तो पेला दहा महिन्यांत दिसला नाही. दिसला असता तर त्याला नक्की वाईट वाटलं असतं, तो तसाच होता. पण न दिसण्याची सोय त्याला होती, मला नव्हती.

१९८८च्या ऑगस्टमध्ये तो अमेरिकेला गेला. जाताना मला एक डिक्शनरी दिली आणि पाकिटात शंभर रुपये. मी नको म्हटलं, त्याने आग्रह केला. मी रडले नाही. दादा आईला म्हणाला, फार समंजस आहे हो तुमची मुलगी.

नाटकात आहे की डेझी नंतर दोन महिने समुद्रकाठच्या कुठल्याशा गावी जाऊन राहिली. जेराल्डला हे ठाऊक नसतं, इन्स्पेक्टर तिच्या रोजनिशीतून सांगतो. आता असं काही पुन्हा वाट्याला येणार नाही असं तिला वाटलं आणि आहे तेच तिला थोडं लांबवायचं होतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे मला जरा नाटकी वाटलं होतं. या वेळी आठवलं की दादा गेल्यावर गणपती होऊन नवरात्र लागेपर्यंत मी आईबरोबर रोज सकाळी जात होते आणि त्याच वेळेला गॅलरीत पाटावर डिक्शनरी उघडून बसत होते. समोर वेताची खुर्ची रिकामी. कुणी मला ऊठ म्हणत नव्हतं. एका सकाळी त्या खुर्चीवर गाद्या वाळत घातलेल्या दिसल्या, मग नाही बसले.

निनादला यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला आजोबांचं माहीत आहे, तेही वरवर. २०११ साली अण्णा इथे आले होते. आमच्या वरच्या खिडकीतून ब्रॅडफर्डच्याच मॅनिंगहॅम भागातल्या लिस्टर मिलची चिमणी दिसते. २४९ फूट, दगडी, चौकोनी. तिथे रेशीम आणि मखमल विणायचे. अण्णा रोज सकाळी चहा घेऊन त्या खिडकीशी उभे. मी जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं, की १८९०च्या डिसेंबरात इथल्या कामगारांनी पगारकपातीविरुद्ध संप केला होता, एप्रिलपर्यंत चालला, आणि हरले. त्या हरण्यातून दोनच वर्षांनी, १८९३मध्ये, याच गावात मजुरांचा स्वतःचा पक्ष निघाला. १८९४ला त्याच मॅनिंगहॅममध्ये प्रीस्टली जन्मला. एव्हाला कामावरून काढलं ते नाटकातलं साल १९१०, आणि खुद्द प्रीस्टली त्याच साली लोकरीच्या एका पेढीत कारकून म्हणून चिकटला होता. त्याला बर्लिंग आणि क्रॉफ्ट पुस्तकांत शोधावे लागले नसणार, सकाळी टोपी काढून नमस्कार करावे लागले असणार.

अण्णांना प्रीस्टलीत रस नव्हता. त्यांनी विचारलं, "साचे किती होते?" मला माहीत नव्हतं. "आता आत काय आहे?" म्हटलं, फ्लॅट झालेत. "म्हणजे आपल्यासारखंच." मग बराच वेळ चिमणीकडे बघून म्हणाले, "एप्रिलमध्ये मिटला म्हणालीस ना? मिटला तरी."

असो. जेराल्डकडे येते, कारण त्याची खरी गंमत तिसऱ्या अंकात आहे आणि ती त्याच्या न असण्यात आहे.

कबुली देऊन झाल्यावर जेराल्ड म्हणतो, मला जरा बाहेर फिरून यायचंय, एकटं. तो हललेला आहे, ती मेली हे त्याला आत्ताच उमगलंय. शीला अंगठी परत करते, तीही न चिडता. इन्स्पेक्टर त्याला जाऊ देतो. एरिकही मध्ये घराबाहेर सटकतो, पण तो परत येतो तो थेट इन्स्पेक्टरच्या तावडीत. जेराल्डला मात्र रीतसर सुट्टी मिळते. तो रस्त्यावर फिरत असताना इकडे सिबिलची पाळी येते, एरिकची येते, मुलगी गरोदर होती हे बाहेर येतं, घर उभं चिरतं. आणि मग इन्स्पेक्टरचं ते शेवटचं भाषण होतं, ज्याच्यासाठी सगळं नाटक लिहिलंय. अशा लाखो एव्हा स्मिथ अजून आहेत, आपण एकमेकांना जबाबदार आहोत, आणि माणसं हे शिकली नाहीत तर त्यांना ते आगीतून आणि रक्तातून शिकावं लागेल. चारही बर्लिंग ते ऐकतात. जेराल्ड खोलीत नसतो.

प्रीस्टलीला हे टाळणं सहज शक्य होतं. त्याला पाच मिनिटं आधी परत आणायचा. आणला नाही. एक-दोन परीक्षक-छाप टिपांमध्ये मी वाचलं की जेराल्ड 'मधल्या पिढीचा' आहे, म्हणून तो ना धड बदलत ना धड न बदलत. असेल. मला साधं वाटतं की त्याने ऐकलंच नाही. ज्याला नेमकं तेव्हा मोकळ्या हवेची गरज लागते आणि ज्याला ती मिळते, त्याच्या कानावर बऱ्याच गोष्टी आयुष्यभर पडत नाहीत.

तो परत येतो तो बातमी घेऊन. वाटेत ओळखीचा एक पोलीस भेटला, त्याला विचारलं, या शहरात गूल नावाचा इन्स्पेक्टरच नाही. इथून पुढे जेराल्डची बुद्धी अशी काही चालते की वाचताना मजा येते. ती एकच मुलगी होती हे कशावरून? सगळ्यांनी फोटो एकाच वेळी पाहिला का? त्याला स्वतःला तर फोटो दाखवलाच नव्हता. कदाचित चार-पाच वेगवेगळ्या मुली असतील. आणि मुलगी मेली तरी आहे का? दवाखान्याला फोन लावतो. आज कुणी आत्महत्या केलेली मुलगी आली का? नाही, कित्येक महिन्यांत नाही. झालं. बर्लिंग ग्लास भरतो.

या जागी मी निनादच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने एक खूण केली, त्याच्या पिवळ्या पट्ट्यांच्या बाजूला. मुली चार असोत की एक, डेझी रेंटन तर होतीच ना? तिला याने जेवू घातलं होतं, ठेवलं होतं, सोडलं होतं. तासाभरापूर्वी ती मेली म्हणून हा गदगदला होता. आता ती मेलेली नाही असं निघालं, म्हणजे ती कुठेतरी असणार. याच शहरात, कदाचित परत त्याच बारमध्ये. फोन हातात आहे, डोकं तल्लख चालतंय, ओळखीचे पोलीस आहेत. एक प्रश्न तो विचारत नाही की मग डेझी आहे कुठे.

त्याला तिचं खरं नावही माहीत नव्हतं म्हणा.

दादाचं आडनाव मला माहीत आहे, शोधला तर सापडेल. मी शोधला नाही. त्यानेही नाही. यात रडण्यासारखं काही नाही, दोघांचं बरं चाललं असेल. पण त्या रात्री दीड वाजता मला दुसरंच कोणीतरी आठवत होतं. अण्णांची शेवटची तीन वर्षं डोंबिवलीला गेली. त्यांच्याकडे चोवीस तास एक बाई असायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. मी इथून पैसे पाठवायचे, ठरल्यापेक्षा जास्तच, दिवाळीला दुप्पट, त्यांच्या मुलाच्या खात्यात. व्हिडिओ कॉलवर त्यांची चौकशी करायचे. त्यांचा गुडघा दुखायचा, नात अभ्यासात हुशार होती. अण्णा गेल्यावर मी दोन महिन्यांचा पगार जादा दिला. त्या नको म्हणाल्या, मी आग्रह केला. फार भली बाई, असं मी नंतर सगळ्यांना सांगत राहिले. त्यांचं नाव मला माहीत नाही. खातं मुलाच्या नावावर होतं.

सोमवारी निनादने दोन पानं दिली. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. माझ्या पेन्सिलीच्या खुणा त्याने खोडून टाकल्या होत्या, 'आई, हे शाळेचं आहे' असं बजावून. बुधवारी मात्र घरी आला तो उड्या मारत. वर्गात नाटकाचं वाचन आहे आणि बाईंनी त्याला जेराल्ड दिलाय. का दिला म्हणे? "माझा आवाज कामडाऊन करणारा आहे."

तर आता रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम चालते. शीला कुणी नसल्यामुळे शीला मी. पुस्तक ओट्यावर, फोडणीच्या शिंतोड्यांपासून वाचवत, हात कणकेचे. आमची शेवटची पानं फार चांगली होतात. इन्स्पेक्टर खोटा निघालाय, बर्लिंग हसतोय. निनाद खुर्चीवरून उठतो, शर्ट सारखा करतो आणि माझ्यासमोर येऊन, खरंच फार गोड आवाजात, म्हणतो की आता सगळं ठीक आहे शीला, मग ही अंगठी? त्याच्या तळहातावर दुधाच्या बाटलीचं निळं झाकण असतं.

मला म्हणायचं असतं, इतक्यात नको, मला विचार करू दे. एवढंच वाक्य आहे.

"आई," तो म्हणतो, "तू फार वेळ थांबतेस. पुस्तकात एवढा पॉज दिलेला नाहीये."